एक्सप्लेनर : नेटवर्क नसताना तुमची नोंद राहते कुठे? ॲपचा डेटाबेस निवडताना हे प्रश्न विचाराच

पत्रकारितेत येण्याआधी मी दोन वर्षे एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. तिथले माझे पहिले काम म्हणजे दूध संकलन केंद्राचे ॲप. सकाळी शेतकरी दूध घालतो, केंद्रावरचा माणूस लिटर, फॅट आणि एसएनएफ नोंदवतो, दहा दिवसांनी त्यावरून बिल निघते. गावात नेटवर्क येऊन-जाऊन. त्यामुळे नोंदी आधी फोनमध्ये ठेवायच्या आणि नंतर सर्व्हरवर पाठवायच्या, असे ठरले.

त्या नोंदी मी एका साध्या जेसन फाइलमध्ये ठेवल्या. नवी नोंद आली की अख्खी फाइल पुन्हा लिहायची. ऑफिसात ते झकास चालले. एका सकाळी ऐन लिहिताना केंद्रावरच्या फोनची बॅटरी संपली. फाइल अर्धवट राहिली, ॲप उघडेना आणि सकाळच्या सगळ्या नोंदी गेल्या. संस्थेच्या सचिवांनी सवयीने वहीतही आकडे लिहिले होते, म्हणून शेतकऱ्यांचे पैसे वाचले. इंजिनिअरिंगची पदवी माझ्याकडे होती, पण शहाणपण त्या वहीत होते.

एम्बेडेड डेटाबेस म्हणजे काय?

बँकेचा किंवा रेल्वे आरक्षणाचा डेटाबेस दूरच्या सर्व्हरवर स्वतंत्रपणे चालतो. एम्बेडेड डेटाबेस ॲपच्याच पोटात असतो. वेगळा सर्व्हर नाही, इंटरनेटची गरज नाही. सगळा डेटा फोनमधल्या एखाद्या फाइलमध्ये राहतो.

यातले सर्वांत मोठे नाव एसक्यूलाइट. अमेरिकेतील प्रोग्रॅमर डी. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये ते तयार केले. त्यामागची गोष्ट बोलकी आहे. ते अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद असला की त्यांचा प्रोग्रॅमही अडून बसे. मग सर्व्हरच नको, थेट फाइलच वाचू, या विचारातून एसक्यूलाइट जन्माला आले. आज अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींत ते आहेच. गुगलची ‘रूम’ ही लायब्ररी त्याच्यावरच उभी आहे आणि ॲपलचे ‘कोअर डेटा’ही सहसा त्यातच डेटा साठवते.

बॅटरी संपली तर?

माझ्या फाइलला जे जमले नाही, ते नेमके इथे होते. डेटाबेस बदल करताना आधी त्याची नोंद एका वेगळ्या फाइलमध्ये करतो. मध्येच फोन बंद पडला, तर पुढच्या वेळी ती फाइल वाचून अर्धवट व्यवहार मागे घेतला जातो. व्यवहार पूर्ण झाला किंवा झालाच नाही, अधलेमधले काही उरत नाही.

एक बारकावा मात्र हवा. एसक्यूलाइटच्या ‘वॉल’ पद्धतीत वेगासाठी ‘सिंक्रोनस’ हे सेटिंग ‘नॉर्मल’वर ठेवले, तर अचानक वीज गेल्यावर फाइल खराब होत नाही, पण शेवटचे काही व्यवहार जाऊ शकतात. गाण्यांच्या यादीसाठी हे चालेल. शेतकऱ्याच्या लिटरसाठी नाही. तिथे ‘फुल’च ठेवा. याच पद्धतीत मुख्य फाइलशेजारी ‘वॉल’ फाइल असते. बॅकअप घेताना फक्त मुख्य फाइल उचलली, तर ताज्या नोंदी मागे राहतात.

मग सगळ्यांनी तेच का वापरू नये?

कारण ते काहींना रूक्ष वाटते. टेबल बनवा, क्वेरी लिहा, मिळालेल्या ओळींचे पुन्हा ऑब्जेक्ट करा. हा खटाटोप टाळणारा पर्याय म्हणून २०१४ मध्ये रिअल्म आले. त्यात ऑब्जेक्ट थेट साठवता येत आणि डेटा बदलला की स्क्रीन आपोआप ताजी करणे सोपे जाई. आमच्या बॅचच्या कित्येकांना ते आवडायचे, मलाही.

२०१९ मध्ये मोंगोडीबी या कंपनीने रिअल्म विकत घेतले आणि फोनमधला डेटा क्लाउडशी आपोआप जुळवणारी सेवा त्याला जोडली. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ही सेवा बंद करण्याचे जाहीर केले आणि ३० सप्टेंबर २०२५ ही अखेरची मुदत दिली. फोनमधल्या डेटाबेसचा कोड खुला असल्याने तो उरला. पण ज्यांनी सगळे सिंक त्या सेवेवर सोपवले होते, त्यांना वर्षभरात नवा संसार मांडावा लागला.

यात कंपनीने काही बेकायदा केले असे नाही. धंद्याचे गणित बदलले, सेवा गेली. म्हणूनच माझे मत असे की साठवण आणि सिंक हे दोन वेगळे निर्णय आहेत. एकाच दुकानातून दोन्ही घेणे सोयीचे असते, पण ते दुकान बंद झाले की दोन्ही जातात.

याउलट एसक्यूलाइट कोणाच्याच मालकीचे नाही, ते सार्वजनिक अधिकारक्षेत्रात आहे. २०५० पर्यंत त्याची देखभाल करण्याचा इरादा त्याच्या निर्मात्यांनी जाहीर केला आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने डेटासेट जतन करण्यासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांतही ते आहे.

निवडले, आता सुटलो?

नाही. चांगला डेटाबेस घेऊनही डेटा घालवण्याचे मार्ग आहेत.

पहिला, अपडेट. नव्या आवृत्तीत टेबलची रचना बदलली, तर जुना डेटा नव्या साच्यात न्यावा लागतो. तो मार्ग लिहिलेला नसेल, तर सगळी टेबले पुसून कोरी करण्याची एका ओळीची सोय ‘रूम’मध्ये आहे. चाचणीपुरती ती ठीक. पण ती ओळ तशीच प्रत्यक्ष ॲपमध्ये गेली, तर सर्व्हरवर न पोहोचलेल्या नोंदी अपडेटबरोबर नाहीशा होतात.

दुसरा, क्रमांक. दोन फोनांनी आपापल्या नोंदींना १, २, ३ असे क्रमांक दिले, तर सर्व्हरवर दोघांची टक्कर होते. प्रत्येक नोंदीला फोनमध्येच जगावेगळा ओळख क्रमांक द्यायला हवा.

तिसरा, कुलूप. एसक्यूलाइटची फाइल मुळात एन्क्रिप्टेड नसते. आशा सेविकेच्या फोनमध्ये गरोदर मातांची माहिती असेल, तर एसक्यूलसायफरसारखी जोड हवी आणि किल्ली फोनच्या सुरक्षित कप्प्यात हवी. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायदा फाइलला कुलूप लावून देत नाही.

माझे मत

ॲप ठरवताना बैठकीत रंग, लोगो आणि लॉगिनवर तासभर चर्चा होते. नोंद कुठे राहणार, हे बहुतेकदा नवखा प्रोग्रॅमर एकटाच ठरवतो, जसे मी ठरवले. हे बदलायला हवे. विशेषतः सरकारी निविदांत तीन प्रश्न असायलाच हवेत : नोंद करताना फोन बंद पडला तर काय होते? ॲप अपडेट झाल्यावर न पाठवलेल्या नोंदींचे काय होते? आणि उद्या ठेकेदार बदलला, तर डेटा कोणत्या स्वरूपात बाहेर काढता येतो?

उत्तर ‘एसक्यूलाइट’ असो वा दुसरे काही, ते प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. साधा फोन घ्या, नोंद करताना बॅटरी काढा किंवा पॉवरचे बटण दाबून धरा आणि पुन्हा सुरू करा. माझ्या ॲपची ही चाचणी ऑफिसात कोणी केली नाही. ती दूध घालायला आलेल्या शेतकऱ्यांसमोर झाली.