नऊची शाळा चौथीपर्यंतच. नववीच्या मुलांच्या झोपेचे काय?

तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर 2023 मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा मांडला. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाचा आदेश निघाला: चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत. निर्णय चांगला, पण अर्धाच. वयात येताना शरीरात मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते. नववीतल्या मुलाला दहाला झोप येत नाही, तो आळस नव्हे. आणि अंधेरी-घाटकोपरकडे दोन सत्रांत भरणाऱ्या अनेक शाळांत सकाळी सातची पाळी याच मुलांची! कॅलिफोर्नियाने 2022 पासून, काही ग्रामीण भाग वगळता, हायस्कूल साडेआठच्या आधी भरवणे बंद केले. आपल्याकडे जागा आणि स्कूलबसचे गणित पाहता हे लवकर होईलसे वाटत नाही.

तेरा ते अठरा वयात 8 ते 10 तास झोप लागते. साडेपाचला उठायचे तर साडेनऊला दिवा मालवायला हवा. म्हणून क्लासची रात्रीची बॅच टाळा, फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. रविवारी तासभर जास्त झोपू द्या, दुपारपर्यंत नको. मूल रोज घोरत असेल किंवा पुरेसे झोपूनही वर्गात पेंगत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.