ताईच्या घरची होडी

गेल्या फेब्रुवारीत ताईच्या सासरी इंजिनाची होडी घेतली. फायबरची, नवी कोरी. करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या काठावर त्यांचे घर आहे. १९८० साली धरण पुरे झाले, भीमेचे पाणी इंदापूर आणि करमाळ्याच्या मध्ये पसरले आणि दाजींच्या वडिलांचे जुने घर मळईच्या जमिनीसकट पाण्याखाली गेले. समोरचा इंदापूरचा काठ आजही अंगणातून दिसतो, पण रस्त्याने तिथे पोचायचे तर भिगवणकडून नाहीतर टेंभुर्णीकडून मोठा वळसा पडतो. बाजार, दवाखाना, भाच्याचे कॉलेज, सगळे पलीकडे. आमच्या पुण्याजवळच्या कासारवाडीत घरटी दुचाकी लागते, तशी त्यांना होडी लागते.

होडी ट्रकने भिगवणपर्यंत येणार होती. पुढे टेम्पोत घालून वळशाने न्यावी, असे काहींचे म्हणणे पडले. दाजींनी ऐकले नाही. "होडी हाय, पाण्यानंच घरी यायला पायजे," म्हणाले. मी आदल्या संध्याकाळी कासारवाडीला लोकल धरली, पुण्यात सोलापूरकडची गाडी पकडली आणि भिगवणला उतरलो.

उजाडता उजाडता ताईने खण-नारळाने पाण्याची ओटी भरली, होडीच्या नाळेला हार घातला. मग दाजींनी एकेकाला लाइफ जॅकेट चढवले आणि प्रत्येकाचे बक्कल स्वतः ओढून पाहिले. "आत्ता कुठं वारा सुटलाय?" ताई म्हणाली. दाजी बोलले नाहीत. तिचेही बक्कल लावले. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, त्यांत दोन लहान लेकरे होती. त्या पाण्यावर रोज ये-जा करणाऱ्या एकही घर तो दिवस विसरलेले नाही. दुपारनंतर वारा उठतो, लाटा वाढतात, म्हणून ऊन तापायच्या आत घर गाठायचे, हे दाजींनी आधीच ठरवले होते.

भाच्याने दोरी ओढून इंजिन सुरू केले. डिकसळचा जुना ब्रिटिशकालीन पूल मागे पडला. कुंभारगावच्या बाजूला उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरले होते. दाजींनी इंजिन मंद करायला लावून लांबून होडी काढली. वरून एकसारख्या दिसणाऱ्या त्या पाण्यात काय काय दडलेले असते, ते मला त्या सकाळी कळले. बुडालेल्या बांधावरच्या बाभळींची खोडे, पडक्या भिंती, शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आणि केबली, प्लास्टिकच्या बाटल्या बांधून सोडलेली जाळी. दाजी नाळेवर बसून नुसत्या हाताने डावे-उजवे दाखवत होते. पळसदेवच्या देवळाचे शिखर दिसले तेव्हा त्यांनी हात जोडले. धरण पार आटते तेव्हाच ते देऊळ पायथ्यापर्यंत उघडे पडते. "आमच्या जुन्या गावाच्या भिंतीबी तवाच दिसत्यात," ते म्हणाले.

मग इंजिन घरघरले आणि बंद पडले. भाच्याने ते मागून उचलून आडवे केले. पंख्याला जलपर्णीची मुळे गच्च वेटाळली होती, काळी, केसाळ, आणि त्यांत अडकलेली दुधाची पिशवी, नायलॉनच्या गोणीचा धागा. त्याने कोयतीने एकेक पीळ कापून काढला. हाताला येणारा वास माझ्या ओळखीचा होता. कासारवाडी आणि पिंपळे गुरवच्या मधल्या पवनेला उन्हाळ्यात तोच वास येतो.

पवना दापोडीला मुळेत मिसळते, मुळा पुण्यात मुठेला मिळते, मुळा-मुठा दौंडच्या अलीकडे भीमेत जाते आणि भीमा उजनीत. पावसाळ्यात ताईकडे सगळ्यांच्या तोंडी एकच चौकशी असते: बंडगार्डनला किती क्युसेक, दौंडला किती? धरणात एकूण ११७ टीएमसी मावते, पण त्यातले ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी त्या मृतसाठ्यात उतरले की होडी लावायची जागा दूर सरकते आणि ताईला चिखल तुडवत जावे लागते. पाणी हवे तर ते आमच्याकडूनच यायचे. त्यासोबत आमचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी आणि जलपर्णीही जाते.

त्या काठांना सरकारकडून जे हवे ते सरळ आहे. दोन्ही काठ जोडणारा शिरसोडी ते कुगाव पूल मंजूर झाला आहे, तो लवकर व्हावा. तोवर दोन्ही काठांना धड धक्का, प्रवासी होड्यांची नियमित तपासणी आणि अंगात जॅकेट असल्याशिवाय एकालाही होडीत पाऊल टाकू न देणे. पण पंख्यात अडकलेल्या त्या मुळांचे काय करायचे, हे आम्ही नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांनी ठरवायचे आहे. दर वर्षी जलपर्णी वाढते, डास होतात, आम्ही ओरडतो. मग जुलैत पूर येतो, पात्र एका रात्रीत मोकळे होते आणि आमचा प्रश्न सुटतो. यंदा आमच्या सोसायटीच्या बैठकीत मी एवढेच मांडणार आहे: जलपर्णी काढण्याची मागणी मे महिन्यात नको, जानेवारीतच लावून धरायची; आणि ती काठावर ओढून बाहेर नेतात की पुढे ढकलून देतात, हे आपल्यापैकी कोणीतरी रोज नदीवर जाऊन पाहायचे.