शेवटच्या फडाला पाणी पोचेल का, ते पाईप पुरण्याआधी पाहा



लागणीच्या नोंदी घेण्यासाठी गटागटांतून फिरताना एक तक्रार दरवर्षी हमखास कानी येते. चार-पाच सभासद मिळून सामाईक पाईपलाईन करतात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पहिल्या दोन फडांत ठिबक झकास चालते आणि शेवटच्या सभासदाच्या शेतात नळ्या नुसत्या ओल्या होतात. मग मोटर लहान पडली, व्होल्टेज नाही, मेस्त्रीने काम धड केले नाही, अलीकडच्याने व्हॉल्व्ह पिळला, असे एकमेकांवर ढकलणे सुरू होते. पुढे भाऊबंदकी, आणि काही ठिकाणी कोर्टकचेरीसुद्धा.

माझे प्रांजळ मत असे आहे की, यांतील बरीचशी भांडणे पाईप जमिनीत जाण्यापूर्वीच एका कागदावर मिटू शकतात. पाणी कोठवर आणि किती जोराने पोचणार, हे आता अंदाजाने सांगायची गरज उरलेली नाही. ते आधी चालवून पाहता येते.

या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे, ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी मन्याडकाठच्या चार सभासदांनी दोन किलोमीटरची सामाईक लाईन करायचे ठरविले. फड एकापुढे एक, दर अर्ध्या किलोमीटरला एक, आणि जमीन हळूहळू चढत जाणारी. पहिला एक किलोमीटर सहा इंची पाईप सर्वांच्या पैशाने घ्यावा, यावर एकमत झाले. पुढच्या एक किलोमीटरचा प्रश्न निघाला तेव्हा पहिले दोघे म्हणाले, "आमच्या फडाच्या पुढं जी नळी जाणार, तिचे पैशे आम्ही कशापायी द्यायचे?" राहिलेल्या दोघांची ऐपत बेताची. त्यांनी चार इंचीवर भागवायचे ठरविले. मी त्या बैठकीत हजर होतो. "चालतंय चार इंची, मोटर जोरदार आहे," असे मीच बोलून गेलो. हिशेब केलेला नव्हता.

शेवटचा फड ज्यांचा, त्यांना गावात सगळे आबा म्हणतात. त्या उन्हाळ्यात त्यांचा खोडवा डोळ्यांदेखत करपला. मी बांधावर गेलो तेव्हा आबांनी मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाले, "साहेब, पैसा सगळ्यांहून जास्त मी भरला, अन् पाणी सगळ्यांत कमी मला." हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. त्यानंतर मी ही विद्या शिकलो.

इंग्रजीत हिला हायड्रॉलिक सिम्युलेशन असे भारदस्त नाव आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर ही पाण्याची रंगीत तालीम. नाटक रंगभूमीवर येण्याआधी तालीम घेतात, चुका तेथेच कळतात. तसे पाईप विकत घेण्याआधी पाणी कागदावर किंवा संगणकावर खेळवून पाहायचे. लातूर-नांदेडसारख्या शहरांतील नळयोजनांत पाणी अनेक वाटांनी फिरते, नळ्यांचे जाळे असते. तेथे हिशेब किचकट होतो. अशा जाळ्याचे गणित टप्प्याटप्प्याने दुरुस्त करीत हाताने सोडविण्याची रीत अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील हार्डी क्रॉस या प्राध्यापकाने १९३६ साली मांडली. पुढे संगणक आले. तिकडच्या सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ साली ईपानेट नावाचा प्रोग्राम काढला. तो विनामूल्य मिळतो आणि साध्या संगणकावर चालतो. आपली शेतावरची लाईन तर झाडाच्या फांदीसारखी सरळ पुढे जाणारी असते. तिचा हिशेब शाळेच्या वहीतसुद्धा बसतो.

या तालमीला माहिती फार लागत नाही. पाणी कोठून उचलणार आणि पंप किती पाण्याला किती दाब देतो. प्रत्येक फडाची पंपापासूनची उंची. प्रत्येकाला लागणारे पाणी. आणि प्रत्येक तुकड्याची लांबी, आतला व्यास व नळीचा गुळगुळीतपणा. एवढे भरले की प्रत्येक फडाच्या तोंडाशी किती दाब उरतो, ते समोर येते. घर्षणात किती दाब जातो हे काढण्यासाठी हेझन-विल्यम्सचे जुने सूत्र आजही वापरतात.

आता आबांच्या लाईनचाच हिशेब पाहू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोळाबेरीज केली आहे. दाब मीटरमध्ये मोजू. दहा मीटर म्हणजे आपण ज्याला एक किलो प्रेशर म्हणतो ते. पंपाच्या तोंडाशी दाब ३६ मीटर. चार फड, प्रत्येकाला सेकंदाला ५ लिटर, म्हणजे एकूण २० लिटर. पंपापासून फडांची उंची अनुक्रमे २, ४, ७ आणि १० मीटर. सहा इंचीचा आतला व्यास १५० आणि चार इंचीचा १०० मिलिमीटर धरू.

पहिला अर्धा किलोमीटर, सहा इंची, २० लिटर पाणी: घर्षणात ४.२ मीटर जातात.
दुसरा, सहा इंची, १५ लिटर: २.४ मीटर.
तिसरा, चार इंची, १० लिटर: ८.३ मीटर.
चौथा, चार इंची, ५ लिटर: २.३ मीटर.

घर्षण आणि चढ दोन्ही वजा केले की पहिल्या फडाला २९.८ मीटर, दुसऱ्याला २५.४, तिसऱ्याला १४.१ आणि आबांना ८.८ मीटर दाब उरतो. ठिबकच्या नळीला सुमारे एक किलो दाब लागतो. फिल्टर आणि आतल्या नळ्यांत जाणारा धरला तर फडाच्या व्हॉल्व्हवर दीड किलो, म्हणजे १५ मीटर तरी हवा. पहिल्याकडे त्याच्या जवळजवळ दुप्पट आणि आबांकडे निम्म्याहून थोडा जास्त! मोटरही बरोबर होती, मेस्त्रीही बरोबर होता. चूक होती ती तिसऱ्या तुकड्यात.

आता तालमीचा खरा फायदा पाहा. कागदावर फक्त तो तिसरा अर्धा किलोमीटर सहा इंची केला. बाकी सर्व जैसे थे. त्या तुकड्यातील घर्षण ८.३ वरून १.२ मीटरवर आले. तिसऱ्या फडाला २१.२ आणि आबांना १५.९ मीटर दाब मिळाला. अर्ध्या किलोमीटरच्या पाईपमधील फरकाने आबांचा फड वाचला असता. आम्ही तो तुकडा नंतर बदललाच. पण खोदाई पुन्हा करावी लागली, चार इंची पाईप उकरून काढावा लागला आणि एक खोडवा हातचा गेला तो गेलाच.

या हिशेबातून दोन गोष्टी प्रत्येक सभासदाने मनात पक्क्या ठेवाव्यात. त्याच नळीतून दुप्पट पाणी नेले तर घर्षण दुप्पट नव्हे, सुमारे साडेतीन पट होते. आणि तेवढेच पाणी सहा इंचीऐवजी चार इंचीतून नेले तर घर्षण सातपट होते. नळीच्या खरेदीत केलेली काटकसर अशी अंगावर येते.

"मग मोटरच मोठी बसवू की!" असे पुष्कळजण म्हणतात. बसवा. पण आबांना लागणारा सहा मीटर जादा दाब मोटरने द्यायचा तर सगळ्याच २० लिटर पाण्याला द्यावा लागतो. त्यासाठी तासाला सुमारे दोन युनिट वीज जास्त जाते, आणि ती मोटर चालेल तितके तास, तितकी वर्षे जातच राहते. शिवाय पहिल्याच्या फडात आधीच तीस मीटर दाब, तो छत्तीसवर जातो. तेथे जोड निसटतात, नळ्या फुटतात. पाईपचा खर्च एकदाच होतो. मोठ्या मोटरचा खर्च दर बिलाला होतो.

तालमीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वरचा हिशेब असे धरून चालतो की प्रत्येकजण ठरलेले ५ लिटरच घेतो. प्रत्यक्षात पहिल्याने व्हॉल्व्ह सताड उघडा ठेवला तर तीस मीटर दाबाने त्याच्याकडे कितीतरी जास्त पाणी जाते आणि शेवटच्याचा दाब कागदावरच्यापेक्षाही खाली येतो. म्हणून हिशेब दोनदा करावा: एकदा ठरल्याप्रमाणे आणि एकदा सर्व व्हॉल्व्ह उघडे धरून. आणखी तीन चुका नेहमी होतात. बाहेरचा व्यास आतला म्हणून लिहिणे, ही पहिली. बेंड, टी आणि फिल्टरमध्ये जाणारा दाब विसरणे, ही दुसरी. तिसरी म्हणजे चढ डोळ्यांनी ठरविणे. बालाघाटाच्या उतारावर डोळा फसवतो. मोबाईलवर दिसणारी उंचीही काही मीटर इकडेतिकडे असू शकते. डंपी लेव्हल लावूनच उंची घ्यावी. काम झाल्यावर प्रत्येक फडावर प्रेशर गेज लावून कागदाशी ताडून पाहावे.

सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे तालमीने पाणी तयार होत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरकरांनी ते दिवस सोसले. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा तिला दहा वाघिणी होत्या. प्रत्येकीत ५० हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर. वर उदाहरणात घेतलेला आपला पंप एवढे पाणी सात तासांत उचलतो. ज्या पाण्यासाठी सुमारे ३४० किलोमीटरवरून रेल्वे आणावी लागली, तेवढे आपण एका पाळीत फडात सोडतो. त्या वर्षी उसाला नावे ठेवणारे पुष्कळ निघाले. त्यांचे सगळेच खरे नव्हते, आणि सगळेच खोटेही नव्हते. पुढे २०१७ साली राज्य सरकारने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. पण नुसते ठिबक अंथरल्याने पाणी वाचत नाही. दाब सारखा नसेल तर पहिल्या फडात पाणी वाया जाते, शेवटच्यात ऊस वाळतो, आणि ठिबकचे नाव फुकट बदनाम होते.

आता मूळ मुद्दा. "माझ्या पुढच्या नळीचे पैसे मी का देऊ?" हा प्रश्न व्यवहाराचा वाटतो, पण व्यवहारातही तो टिकत नाही. आबांना पाणी पोचेना तेव्हा अखेर काय झाले? त्यांना एकट्याला वेगळी पाळी द्यावी लागली. थ्री फेज वीज ठराविक तासांचीच. आबांना दिलेले तास बाकीच्या तिघांच्या वाट्यातून गेले. म्हणजे न दिलेल्या नळीची किंमत सर्वांनी तासांत मोजली. पाईपलाईन ही साखळी आहे. पहिला फड जवळ आहे हे त्याच्या मालकाचे कर्तृत्व नव्हे, आणि शेवटचा लांब आहे हा त्याच्या मालकाचा गुन्हा नव्हे. कारखान्यात लांबच्या गटाचा ऊस आणि जवळच्या गटाचा ऊस एकाच गव्हाणीत पडतो आणि दोघांचा दर सारखा असतो. हाच न्याय नळीला का नको?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. संचालक मंडळाने व सभासदांनी त्यांवर विचार करावा. पहिली, सामाईक पाईपलाईनच्या कोणत्याही प्रकरणाला शिफारस देण्यापूर्वी प्रत्येक फडावरील दाबाचा तक्ता जोडलेला असावा. दुसरी, तो तक्ता गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्यावर पहिली सही शेवटच्या फडाच्या सभासदाची असावी. तिसरी, दाब कमी पडतो म्हणून जो तुकडा मोठा करावा लागेल, त्याचा जादा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा.

तक्ता करायला ऊस विकास विभाग तयार आहे. लांबी, उंची आणि पंपाची माहिती आणा, एका दिवसात हिशेब करून देऊ. मात्र पाईप विकत घेण्याआधी या, चर बुजविल्यावर नको. मी एकदा हिशेबाशिवाय बोललो, त्याची किंमत आबांनी मोजली. ती पाळी दुसऱ्या कोणावर येऊ नये, एवढीच विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी