वाईनचे कौतुक कोणाच्या पैशाने?

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकण्यास मंजुरी दिली. राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. ग्रामसभेच्या विनंतीवरून तो स्थगित झाला. "वाईन म्हणजे दारू नव्हे," असे तेव्हा ऐकवले गेले. वाईनमध्ये शेकडा बारा-तेरा भाग मद्यार्क असतो, हे कोण छापणार? कंपनीच्या पाहुणचारावर लिहिणारा छापणार नाही. जो पदरचे पैसे देऊन बाटली घेतो आणि जाहिरात नाकारतो, तोच खरे लिहील. वृत्तपत्र हा साबणासारखा धंदा झाला आहे, हे बाबासाहेबांनी १९४३ सालीच बजावले होते.

वाचकहो, हिशेबात आम्ही आधी जमेची बाजू पाहतो. "वाईन हृदयाला चांगली" असे वाचाल, तेव्हा पैसा कोणाचा, ते आधी विचारा. मुलांनाही विचारायला शिकवा.