बुद्धीचे माप आणि मुलाचे मोल

परीक्षेचा निकाल हाती आला की ‘आमचा हा मठ्ठच निघाला’ किंवा ‘धाकटी मात्र हुशार हो!’ असे उद्गार आईबापांच्या तोंडून सहज निघून जातात. कधी शाळेच्या सांगण्यावरून मुलाची बुद्धिमापन चाचणी होते आणि त्याच्या नावापुढे एक आकडा लिहिला जातो. हा आकडा कोठून येतो, तो काय सांगतो व काय सांगू शकत नाही, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या घरांतील मुले वर्गात येऊ लागली व त्यांपैकी काही मागे पडू लागली. अशा मुलांना विशेष शिक्षणाची सोय करावयाची, तर ती निवडावी कशी? १९०४ साली या प्रश्नाचा विचार करण्यासाठी सरकारने एक समिती नेमली. तिचे एक सभासद आल्फ्रेड बिने या मानसशास्त्रज्ञांनी डॉ. थेओडोर सिमों यांच्या साहाय्याने १९०५ साली तीस कसोट्यांची मालिका सिद्ध केली. माशी आणि फुलपाखरू यांत फरक काय, लाकूड आणि काच यांत फरक काय, ऐकलेले आकडे त्याच क्रमाने म्हणून दाखव, असे ते साधे प्रश्न होते. पाठांतरापेक्षा मुलाची समज पाहावी, हा त्यांचा हेतू. १९०८ साली त्यांनी या कसोट्या वयोमानाप्रमाणे लावल्या. आठ वर्षांची बहुतेक मुले जे करू शकतात तेवढेच एखाद्या मुलाला साधले, तर त्याचे ‘मानसिक वय’ आठ.

पुढे १९१२ साली जर्मन शास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची युक्ती सुचविली. अमेरिकेत लुइस टर्मन यांनी १९१६ साली त्या भागाकाराला शंभराने गुणून ‘बुद्ध्यंक’ रूढ केला. दहा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय आठ भरले, तर त्याचा बुद्ध्यंक ८०. परंतु प्रौढांचे मानसिक वय दरवर्षी वाढत नाही, म्हणून हा हिशेब त्यांना लागू पडेना. १९३९ साली डेव्हिड वेक्सलर यांनी निराळी रीत घातली. माणसाची तुलना त्याच्याच वयाच्या इतरांशी करावयाची व सरासरी १०० धरावयाची. या मोजणीत दर तिघांपैकी सुमारे दोघे ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात. म्हणजे बुद्ध्यंक हे शेरा-पायलीसारखे माप नव्हे. समवयस्कांच्या रांगेत त्या दिवशी मूल कोठे उभे होते, एवढेच तो सांगतो.

मग बुद्धी म्हणजे काय? याविषयी शास्त्रज्ञांचेही एकमत नाही. एका विषयात पुढे असणारी मुले बहुधा इतर विषयांतही पुढे असतात, असे चार्ल्स स्पिअरमन यांना १९०४ साली आढळले. यावरून सर्व कामांच्या मुळाशी एक सामान्य बुद्धी आहे, असे त्यांनी मानले. थर्स्टन यांनी १९३८ साली सात निरनिराळ्या मूलशक्ती सांगितल्या. शिवाय चाचणीवर भाषेचा व संस्कारांचा परिणाम होतोच. म्हणूनच व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठी नव्याने बेतल्या व त्यावरील ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध केला. पॅरिसच्या मुलासाठी योजलेला प्रश्न आपल्याकडील मुलाला जसाच्या तसा विचारणे न्यायाचे झाले नसते.

हे भान सुटले की केवढा अनर्थ होतो, हे अमेरिकेतील कॅरी बक या तरुणीच्या कहाणीवरून दिसते. चाचणीत तिचे मानसिक वय नऊ ठरविण्यात आले. ती व तिची आई मतिमंद, तेव्हा या वंशाची वाढच होऊ नये, असे म्हणून व्हर्जिनिया राज्याने तिची सक्तीने नसबंदी करावयाचे ठरविले. १९२७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यास मान्यता दिली. नऊ न्यायाधीशांपैकी विरोधात मत देणारे एकटे पिअर्स बटलर होते, आणि ते कॅथलिक होते. कॅरीची तान्ही मुलगीही मंद ठरविण्यात आली होती. तीच पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत झळकली, पण १९३२ साली वयाच्या आठव्या वर्षी वारली.

पोप अकरावे पायस यांनी १९३० साली विवाहविषयक परिपत्रकात अशा सक्तीचा स्पष्ट निषेध केला. निरपराध माणसाच्या शरीरावर सरकारची अशी सत्ता चालत नाही, असे त्यांनी बजावले. याच पोपमहोदयांनी १९२५ साली आर्सचे धर्मगुरू जॉन मारी व्हियानी यांना संतपद बहाल केले होते. व्हियानींना लॅटिन इतके जड गेले की ल्यों येथील सेमिनरीतून त्यांना परत पाठविण्यात आले. परंतु फादर बाले यांनी त्यांना जवळ ठेवून धीराने शिकविले आणि १८१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे त्यांच्यापाशी पापनिवेदन करण्यासाठी दूरदूरचे लोक आर्सची वाट चालू लागले.

बिने यांनाही हेच अभिप्रेत होते. बुद्धी ही जन्मभर न बदलणारी ठेव आहे, हे मत त्यांना मान्य नव्हते. योग्य शिक्षणाने ती वाढते, असे ते आग्रहाने सांगत. मागे पडलेले मूल ओळखावे, ते त्याला हात देण्यासाठी.

तेव्हा शाळेने चाचणी सुचविली तर भिऊ नये. आधी मुलाचे डोळे व कान तपासून घ्यावेत. चाचणी त्याला नीट कळणाऱ्या भाषेत होते की नाही, हे विचारावे. घरी मराठी किंवा कोंकणी आणि शाळेत कानडी किंवा इंग्रजी, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांनी तर हे अवश्य विचारावे. आकडा कळल्यावर ‘आता याला कोणती मदत द्यावी?’ हा प्रश्न शिक्षकांना करावा. आणि तो आकडा, मोठा असो वा लहान, मुलापुढे किंवा त्याच्या भावंडांपुढे कधीही उच्चारू नये. घरातील शब्द मूल पुष्कळ वर्षे मनात वागविते. ज्या बालकाला बाप्तिस्म्याच्या वेळी आपण देवाचे लेकरू म्हणून स्वीकारले, त्याचे मोल त्याच दिवशी ठरले आहे.