सहलीचा पहिला थांबा : आपल्याच गावचा चौक

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीची चर्चा सुरू होते. बस ठरते, संमतीपत्रं घरी जातात, खर्च हजाराच्या घरात पोचतो आणि मुलं उड्या मारायला लागतात. सहल झाली की पुढच्याच आठवड्यात मराठीच्या तासाला निबंध असतो, ‘आमची सहल’. चाळीस वह्या तपासायला घ्या. पस्तीस वह्यांमध्ये तोच मजकूर मिळेल : आम्ही पहाटे उठलो, बसमध्ये गाणी म्हटली, खूप मजा केली, सायंकाळी दमून घरी आलो. ठिकाणाचं नाव बदला, निबंध तोच राहतो.

मुलांना लिहिता येत नाही म्हणून असं होतं, असं आपण म्हणतो. माझं मत वेगळं आहे. मुलांनी बघितलेलंच नसतं, तर ती लिहिणार काय? एका दिवसात चार ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं आणि सरांची शिट्टी. यात नजर कुठे थांबणार? म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वर्षातली पहिली क्षेत्रभेट शाळेपासून चालत जाता येईल अशा एका छोट्या चौकाची असावी. तीही तासभर एकाच जागी बसून. लांबची सहल त्यानंतर जरूर काढा.

चौकात बघायचं काय?

हा प्रश्न पालक हमखास विचारतात. ‘रोज तिथूनच तर जातो-येतो, त्यात काय बघायचं?’ रोज जातो म्हणूनच बघायचं राहून गेलंय.

आधी भाषेकडेच बघा. चार रस्ते मिळाले की चौक, तीन मिळाले की तिठा, चार वाटा मिळाल्या की चव्हाटा. झाडाभोवती ओटा बांधला की तो पार. जकातीसाठी जिथे अडवत तो नाका, आणि आता जकात गेली तरी नाव राहिलं. गावचा कारभार चाले ती चावडी. एवढे शब्द एका भाषेत उगाच जमत नाहीत. माणसं जिथे थांबत आणि बोलत, त्या जागांना त्यांनी नावं दिली. पुढे ‘चव्हाट्यावर आणणे’ हा वाक्प्रचारही त्यातूनच आला, कारण चव्हाट्यावर बोललेलं साऱ्या गावाचं होतं. हा वाक्प्रचार फळ्यावर लिहून अर्थ सांगायला दोन मिनिटं पुरतात. चव्हाट्यावर उभं राहून सांगितला तर मुलं तो जन्मभर विसरत नाहीत.

आता भुईगाव आणि आसपासचा वसईचा पट्टा घ्या. इथल्या कुठल्याही तिठ्यावर पाट्या वाचायला लावा. एखाद्या जुन्या पाटीवर ‘जि. ठाणे’ असतं, शेजारच्या नव्या पाटीवर ‘जि. पालघर’. मुलं विचारतात, बरोबर कुठलं? दोन्ही बरोबर, आपापल्या काळात. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. नागरिकशास्त्राचा हा धडा दुकानाच्या पत्र्यावर लिहिलेला आहे. भुईगाव बुद्रुक आणि भुईगाव खुर्द यांतले बुद्रुक-खुर्द म्हणजे थोरलं आणि धाकटं. शब्द फारसीतून आलेले. मोडी कागदांमधली राजवट आजही एसटीच्या पाटीवर शिल्लक आहे.

पुढे क्रूस. आपल्या भागात वळणावळणावर क्रूस उभे आहेत. कुणी नवसाचा, कुणी आजोबा-पणजोबांच्या आठवणीचा. बऱ्याच क्रूसांच्या चौथऱ्यावर साल कोरलेलं असतं. ते वाचायला लावा आणि त्या वर्षी देशात काय चाललं होतं ते शोधायला सांगा. कोरलेलं साल वाचायची सवय लागली की मुलांना इतिहास सगळीकडे दिसू लागतो. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली मोठी घंटा वसईहून गेलेली, तिच्यावर 1721 हे साल आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि इथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांमध्ये पोचल्या. हे ज्याला कळलं, त्याला वसईचा किल्ला म्हणजे सेल्फीची जागा वाटणार नाही.

मग कान. चौकात बसून दहा मिनिटं फक्त ऐकायचं. एका बाकावर कादोडी, भाजीच्या टोपलीशी वाडवळी, मासळीच्या पाटीजवळ कोळी बोली, रिक्षाच्या रांगेत हिंदी, मोबाइलवर इंग्रजी. पुस्तकात आपण ‘बोलीभाषा’ नावाचा घटक शिकवतो आणि वर्गात मात्र मूल बोलीतलं बोललं की सुधारतो. तीच बोली चौकात रुबाबात वावरताना मुलांना दिसली पाहिजे. ज्याच्या घरी ती बोलली जाते, त्या मुलाची मान ताठ होते, हे मी बघितलेलं आहे.

आणि पाणी. चौकाच्या आसपास कुठे बावखल असेल तर तिथवर जरूर जा. पावसाचं पाणी साठवणारी, वाडीला शिंपणाला पुरणारी, जमिनीत गोडं पाणी टिकवून समुद्राचं खारं पाणी आत शिरू न देणारी ही आपल्या पूर्वजांची सोय. कित्येक बावखलं भरावाखाली गेली, काहींत कचरा पडतो. भूजल हा शब्द मुलांना पाठ असतो. भूजल कुठून येतं ते इथे दिसतं.

दूरदेशीचा एक छोटा चौक

आपल्यातली अनेक कुटुंबं आता युरोपच्या सहलीला जातात. तिथले फोटो नीट बघा. मोठ्या मनोऱ्यांबरोबर हमखास एक फोटो असतो तो छोट्याशा चौकातला : दगडी फरशी, चार जुनी घरं, एक झाड, दोन खुर्च्या. लाखो रुपये खर्चून माणसं तिथे जाऊन बसतात, कॉफी पितात आणि ‘काय शांत वाटतं!’ म्हणतात.

फ्रान्समधल्या ल्यों या शहराचं उदाहरण शिकवण्याजोगं आहे. सोन नदीकाठचा तिथला जुना भाग पाचशे वर्षांपूर्वीच्या घरांचा. त्या भागात त्रिनिते नावाचा एक लहानसा चौक आहे. त्यातलं ‘सूर्याचं घर’ तिथल्या मुलांना चांगलं ओळखीचं, कारण गिन्योल नावाच्या त्यांच्या लाडक्या बाहुलीच्या खेळात मागचा पडदा म्हणून हाच चौक रंगवतात. गिन्योलची बाहुली साधारण 1808 च्या सुमाराला लोराँ मुर्गे या माणसाने केली. मुर्गे आधी रेशीम विणायचा, काम गेल्यावर दात काढायचा, आणि गिऱ्हाईक जमवण्यासाठी बाहुल्या नाचवायचा! आपल्या बाजारात औषधं विकणारे गारुडी आठवतात की नाही?

हा जुना भाग आज जसाच्या तसा दिसतो, तो आपोआप राहिला नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला तो पडका, गलिच्छ म्हणून ओळखला जाई आणि त्यातून मोठा रस्ता काढायचा बेत शहराच्या कारभाऱ्यांनी आखला होता. तिथल्या रहिवाशांनी संघटना करून विरोध केला. 1962 मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला; एकेक इमारत वाचवण्याऐवजी अख्खी जुनी वस्ती जपायची असं त्यात ठरलं. 1964 मध्ये ल्योंचा हा भाग त्या कायद्याखालचं देशातलं पहिलं संरक्षित क्षेत्र झाला. 1998 मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारशात घेतला.

म्हणजे तिथे आधी रहिवाशांना आपल्या गल्लीची किंमत कळली, नंतर सरकारला आणि सर्वांत शेवटी पर्यटकांना. आपण पर्यटक म्हणून जातो तेव्हा फक्त शेवटची पायरी बघतो. शाळेचं काम पहिल्या पायरीवर आहे.

तासाभराचं नियोजन

शिक्षक मित्रांनो, यासाठी बस लागत नाही, की मोठी परवानगी. मुख्याध्यापकांची लेखी संमती, पालकांना निरोप, ग्रामपंचायतीला कल्पना आणि वीस मुलांमागे दोन मोठी माणसं एवढं पुरे. वाहनांचा त्रास नसेल अशी बसायची जागा आदल्या दिवशी स्वतः बघून यावी. सकाळी आठ-साडेआठची वेळ चांगली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितलेले आहेत, त्यांतला एक यासाठी ठेवता येतो.

तिसरी-चौथीला मोजायचं आणि नावं द्यायची. किती झाडं, कुठली? कुठला रस्ता कुठे जातो? सूर्य कुठे आहे, मग समुद्र कुठल्या दिशेला? परिसर अभ्यासाचं पुस्तक इथे उघडंच असतं.

पाचवी-सहावीला विचारायचं. दुकानदार काका, फुलवाल्या मावशी, एसटीची वाट बघणारे आजोबा. प्रत्येक गटाला तीनच प्रश्न. ‘तुम्ही लहान असताना इथे काय होतं?’ हा त्यातला सक्तीचा. फुलांच्या टोपल्या पहाटे दादरच्या बाजाराला कशा जातात हे एका मावशीने सांगितलं, तर भूगोलातलं ‘वाहतूक आणि व्यापार’ वेगळं शिकवावं लागत नाही.

सातवी-आठवीला नकाशा. पावलांनी अंतर मोजायचं, प्रमाण ठरवायचं, सावली कुठवर येते ते खडूने आखायचं. अर्ध्या तासाने पुन्हा आखायचं. आमच्या वर्गातल्या एका मुलाने त्या दिवशी वहीत लिहिलं होतं : ‘सावली सरकली की रिक्षावाले काका रिक्षा सरकवतात, पण भाजीवाली आजी तिथेच बसते.’ एवढ्या एका वाक्यात विज्ञान आहे आणि माणुसकीही. ‘आम्ही खूप मजा केली’ लिहिणाराच मुलगा होता तो.

नववी-दहावीला पत्रलेखन. दरवर्षी आपण काल्पनिक पत्रं लिहून घेतो : अ. ब. क. यांस, काल्पनिक गावी. त्याऐवजी चौकात दिवा बंद असेल, बाकाची फळी तुटली असेल, तर ग्रामपंचायतीला खरंच पत्र लिहायचं आणि नेऊन द्यायचं. उत्तर आलं तरी मुलं शिकतात, नाही आलं तरी शिकतात.

थोडं पालकांशी

पालकहो, तुमची एक शंका मला माहीत आहे. ‘आम्ही मुलांना नाक्यावर उभं राहू नको म्हणून ओरडतो आणि तुम्ही तिथेच बसवता?’

शंका खरी आहे, पण तिच्यात एक गोष्ट दडलेली आहे. नाक्यावर कोण थांबतं ते बघा. मुलगे थांबतात, पुरुष थांबतात. मुली? मुली खाली मान घालून, भरभर पावलं टाकत तिथून निघून जातात. पिशवी घेऊन जायचं, आणायचं ते आणायचं आणि परतायचं. दहा-बारा वर्षांची होईपर्यंत मुलीला घरातून, वाटेतून, न सांगताही कळलेलं असतं की चौक आपला नाही. आमच्या भेटीनंतर एक मुलगी म्हणाली, ‘बाई, मी पहिल्यांदा इथे बसले.’ तिचं घर त्या चौकापासून पाच मिनिटांवर आहे.

या एका वाक्यासाठी मी दरवर्षी ही भेट घेईन. वर्गमैत्रिणींबरोबर, बाईंसोबत, वही हातात घेऊन मुलगी तासभर चौकात बसते तेव्हा गावालाही तिची सवय होते. दुकानदार तिला नावाने ओळखायला लागतो. जिथे ओळखीचे डोळे असतात ती जागा सुरक्षित होते. मुलींना चौकापासून दूर ठेवून चौक सुधारत नाही. चांगली माणसं उठून गेली की तो आणखी बिघडतो.

दुसरी शंका : ‘यातून मार्कांचं काय?’ निबंध, पत्र, मुलाखत, संवाद, नकाशा, माहितीपत्रक हे सगळे प्रश्न परीक्षेत असतातच. पाठ केलेल्या निबंधाला जेमतेम गुण मिळतात आणि स्वतःच्या नजरेने लिहिलेला निबंध तपासणाऱ्याला थांबवतो. अनेक वर्षं उत्तरपत्रिका तपासून आलेला हा अनुभव आहे.

घाई का करायची

कारण चौक संपत चालले आहेत. रस्ता रुंद होतो, पार निघतो. विहिरीवर स्लॅब पडतो, त्यावर गाड्या लागतात. बाक जाहिरातीच्या फलकामागे जातो. प्रत्येक बदलाला काहीतरी कारण असतं, आणि रस्ता नकोच असं मीही म्हणणार नाही. रुग्णवाहिका गल्लीत शिरलीच पाहिजे. पण ओटा काढताना ‘म्हातारी माणसं आता कुठे बसतील?’ हा प्रश्न ग्रामसभेत कुणीतरी विचारायला हवा. तो प्रश्न तोच विचारेल, ज्याने लहानपणी त्या ओट्यावर कोण बसतं ते मोजलेलं असेल.

वसईच्या पट्ट्यात आज शेजारी शेजारी जुनी वाडी आणि नवी इमारत उभी आहे. वर्गात पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्यांची मुलं आहेत आणि परवा दुसऱ्या राज्यातून आलेल्या मजुराचंही मूल आहे. या दोघांना ‘आपलं गाव’ म्हणता येईल अशी एकच जागा उरते, ती म्हणजे चौक. तो कुणाच्या मालकीचा नाही, म्हणून सगळ्यांचा आहे.

तेव्हा येत्या सत्रात एवढंच करा. आपल्या शाळेपासून पंधरा मिनिटांच्या आतला एक चौक निवडा, एक सकाळ ठरवा, मुलांना वही-पेन्सिल आणि पाण्याची बाटली घ्यायला सांगा. शिट्टी शाळेतच ठेवा. परत आल्यावर ‘आमच्या गावचा चौक’ हा निबंध द्या आणि चाळीस वह्या तपासायला बसा. त्या चाळीसही वेगळ्या निघतील.