अज्ञात म्हणजे अद्भुत नव्हे

भंडारा जिल्ह्यातील चिखला येथे भूगर्भातून मँगनीजचे खनिज निघते. काळ्या, जड दगडाचा भाव कोणी नुसत्या नजरेने ठरवीत नाही. नमुना तपासला जातो, धातूचे प्रमाण कळते, मगच सौदा होतो. जमिनीतून निघालेल्या वस्तूस आपण जो न्याय लावतो, तोच आकाशातून आलेल्या वस्तूस लावतो काय? याच विदर्भात २ एप्रिल २०२२ रोजी हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला.

तो गुढीपाडव्याचा दिवस होता. रात्री पावणेआठच्या सुमारास अनेक गावांतील लोकांनी आकाशातून सरकत जाणारी तेजस्वी रेषा पाहिली. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान कोसळल्याची भीती व्यक्त केली, कोणी परग्रहावरील यानाची शंका घेतली. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले आणि परिसरात काही गोळेही आढळले. या वस्तू सिंदेवाही पोलीस ठाण्यात ठेवण्यात आल्या. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन पाहणी केली. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या लाँग मार्च ३बी या अग्निबाणाच्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे मत अवकाशतज्ज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मांडले.

अशा उलगड्यास सामान्य माणसाची साक्षही उपयोगी पडते. प्रकाश किती वाजता, कोठून, कोणत्या दिशेने जाताना दिसला, हे ठाऊक असेल तर गणिताने काढलेल्या मार्गाशी ते ताडून पाहता येते. शिवाय १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, अवकाशातून पडलेल्या वस्तूने भूपृष्ठावर हानी केल्यास भरपाईचे दायित्व ती सोडणाऱ्या राष्ट्रावर येते. नोंद आणि पुरावा जपलेला नसेल, तर दावा कशाच्या आधारावर करणार?

अन्य देशांनी या कामासाठी स्वतंत्र व्यवस्था उभारल्या. अमेरिकेच्या वायुदलाकडे १९४७ ते १९६९ या काळात अशी १२,६१८ वृत्ते आली. त्यांपैकी ७०१ प्रकरणांचा उलगडा झाला नाही. तरीही त्यांत परग्रहवासीयांचा पुरावा आढळला नाही, असेच वायुदलाने जाहीर केले. फ्रान्समध्ये १९७७ पासून राष्ट्रीय अवकाश संस्थेचा एक विभाग नागरिकांची निवेदने तपासतो, आणि माहिती अपुरी असलेली प्रकरणे व तपासानंतरही न उलगडलेली प्रकरणे निरनिराळी ठेवतो.

हा भेद व्यापारी कुटुंबांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ताळा जमला नाही, तर चाणाक्ष मुनीम फरकाची रक्कम वेगळी मांडून ठेवतो. ती कोणाच्याही खात्यावर ढकलून हिशेब जुळल्याचे समाधान मानीत नाही. ती ७०१ प्रकरणे अशीच वेगळी मांडलेली रक्कम होय. तिला ‘परग्रहवासी’ हे नाव देणे जितके चुकीचे, तितकेच साक्ष देणाऱ्याला वेडा ठरविणेही चुकीचे.

उद्या घरातील एखादे मूल गच्चीवरून धावत येऊन सांगेल, ‘मी आकाशात काहीतरी पाहिले!’ तेव्हा त्याला हसू नये आणि ते दृश्य लगेच भ्रमणध्वनीवरून गावभर धाडूही नये. आधी त्याच्या हाती वही द्यावी. वेळ, दिशा आणि जे दिसले तेवढेच लिहावयास सांगावे. काही वस्तू पडलेली आढळली, तर तिला हात न लावता पोलिसांस कळवावे. नावाची जागा तूर्त कोरी राहिली तरी चालेल. चुकीचे नाव मात्र लिहू नये.